फेज डाऊन, फेज आऊट आणि 'टप्प्याटप्प्याने'चा घोळ

प्रश्न असा आलाय: "ग्लासगोच्या हवामान परिषदेबद्दल वाचताना एका ठिकाणी 'कोळसा टप्प्याटप्प्याने बंद' आणि दुसऱ्या ठिकाणी 'टप्प्याटप्प्याने कमी' असं दिसलं. फेज आऊट आणि फेज डाऊनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि तिथे एक शब्द बदलून खरंच काही फरक पडतो का, की सगळी बोलाचीच कढी?"

प्रश्न दोन आहेत पण गुंता एकच आहे, त्यामुळे दोन्ही एकत्रच घेतो.

पहिली तक्रार 'टप्प्याटप्प्याने' या शब्दाबद्दल. हा शब्द एवढा लांबलचक आहे की तो वाचून होईपर्यंत पुढचं क्रियापद वाचायचा उत्साहच राहत नाही, आणि मराठीत क्रियापद येतं शेवटी, म्हणजे खरा फरक जिथे आहे ('बंद' की 'कमी') ते सगळं वाक्याच्या शेपटीला. इंग्रजीत आऊट-डाऊन असं थेट कानावर आदळतं, आपल्याकडे दोन्ही बातम्या सारख्याच वाटतात. शिवाय 'टप्पा' म्हटलं की काहीतरी कधीतरी होईल असं एक आश्वासन त्यात आपोआप मिसळतं. टप्पा अनुदानाची वाट बघणाऱ्या शिक्षकांना विचारा, ते जास्त चांगलं सांगतील.

माझं मत: हा शब्द काढूनच टाकावा, कारण मराठीत यापेक्षा चांगली सोय आधीपासून आहे. आपली जोडक्रियापदं. 'घटवत नेणे' म्हणजे दिशा ठरली, शेवट ठरलेला नाही. 'संपवत आणणे' म्हणजे शेवट समोर दिसतोय, तिकडेच चाललोय. 'डबा संपवत आणलाय' असं आपण तळ दिसायला लागल्यावरच म्हणतो, आणि 'चहातली साखर कमी करत नेलीय' म्हणणारा माणूस उद्या बिनसाखरेचा पिईलच असं काही नाही. तर फेज डाऊन = घटवत नेणे, फेज आऊट = संपवत आणणे. काही जण 'हद्दपार' लिहितात, पण हद्दपारीत पोलिसी नोटीस आल्यासारखं वाटतं आणि त्यात हळूहळूपणा नाही. 'मोडीत काढणे' बॉयलर किंवा बसगाड्यांसाठी ठीक, इंधनासाठी नाही.

आता ग्लासगो. 13 नोव्हेंबर 2021, शनिवारची रात्र, परिषद ठरल्यापेक्षा एक दिवस लांबलेली. मसुद्यात 'अनअबेटेड' (म्हणजे कार्बन न पकडता जाळलेल्या) कोळशावरची वीज 'फेज आऊट' करण्याकडे प्रयत्न वाढवा असं होतं. शेवटच्या घटकेला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी दुरुस्ती वाचून दाखवली, 'आऊट'च्या जागी 'डाऊन'. बेटांच्या देशांनी आणि स्वित्झर्लंडने नाराजी नोंदवली, अध्यक्ष आलोक शर्मांनी (जन्म आग्ऱ्याचा, मंत्री ब्रिटनचे) माफी मागितली, त्यांचा गळा दाटून आला आणि मग हातोडा पडला. जगभर हेडलाइन झाली की भारताने शब्द पातळ केला. पण हाच 'फेज डाऊन' तीनच दिवस आधी अमेरिका आणि चीनच्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळशाबद्दल आलेला होता! म्हणजे शब्द आणला दुसऱ्यांनी आणि पावती फाडली आपल्या नावाने. शिवाय तेल आणि गॅसबद्दल तसलं क्रियापदच नव्हतं, ना आऊट ना डाऊन. त्यांच्या फक्त 'अकार्यक्षम' सबसिडीचा उल्लेख. ज्यांची घरं गॅसवर गरम होतात त्यांना कोळशाला नावं ठेवणं परवडतं, हा माझा जुना राग आहे, जाऊ दे.

एका शब्दावरून रात्र जागवतात हे विचित्र वाटतं पण त्याला कारण आहे. या परिषदांत मतदान होत नाही, सगळ्यांची संमती लागते, म्हणजे जवळजवळ दोनशे देशांपैकी कुणाच्याही घशात अडकणार नाही असाच शब्द शेवटी उरतो. पॅरिसला 12 डिसेंबर 2015 ला तर याहून भारी प्रकार झाला. तिथल्या हवामान कराराच्या कलम 4.4 मध्ये श्रीमंत देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार घेण्याबद्दल 'शॅल' (म्हणजे बंधनकारक) छापून आलं होतं, अमेरिकेला 'शुड' (म्हणजे नुसतं अपेक्षित) हवं होतं कारण 'शॅल' राहिलं असतं तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो मेलाच असता. मग काय केलं, तर व्यासपीठावरून छपाईच्या चुका वाचून दाखवताना स्वल्पविराम वगैरेंच्या रांगेत हाही बदल वाचून टाकला. मुद्रणदोष!

हा किस्सा मराठीत सांगायला गेलं की भलतीच गंमत होते. आपल्या कायद्यांच्या सरकारी भाषांतरात 'शॅल'ला 'करील' लिहितात, 'शासन नियम करील' असं, आणि साध्या वाचकाला ते भविष्य वाटतं, करील बापडं कधीतरी. आणि 'शुड'ला सरळ प्रतिशब्द 'करावे'. पण आपल्या जीआरमध्ये 'कार्यवाही करण्यात यावी' हा तर चक्क हुकूम असतो! म्हणजे मराठीत बंधनकारक ते भविष्यवाणीसारखं ऐकू येतं आणि ऐच्छिक ते आदेशासारखं. म्हणून पॅरिसबद्दल लिहिताना मी 'करणे बंधनकारक' आणि 'करणे अपेक्षित' असंच लिहितो, रुक्ष आहे पण फसवत नाही.

दुबईत 2023 ला आणखी एक नवीन आलं, 'ट्रान्झिशनिंग अवे फ्रॉम फॉसिल फ्युएल्स', म्हणजे कोळसा, तेल, गॅस या जीवाश्म इंधनांपासून दूर सरकत जाणं. याला 'संक्रमण' लिहू नका, मराठीत अर्ध्या लोकांना तीळगूळ आठवतो आणि उरलेल्यांना इन्फेक्शन. 'स्थित्यंतर' बरं आहे पण त्यात 'अवे' येत नाही. मला विचाराल तर अचूक मराठी 'काढता पाय घेणे'. कधी निघणार ते सांगायचं नाही, दार उघडं आहे का तेही सांगायचं नाही, फक्त आता निघायला हवं असा चेहरा करायचा. गंमत सोडा, पण परिषदा सुरू झाल्या 1995 ला बर्लिनमध्ये, आणि सगळ्या जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं असं निर्णयात यायला 2023 उजाडलं. पुढे 2025 ला ब्राझीलमध्ये बेलेंला त्याचा रोडमॅप करा म्हणून ऐंशीच्या वर देश मागे लागले होते, शेवटच्या मजकुरात तो आलाच नाही.

मग कढी बोलाचीच का? थोडी तशीच, पण पूर्ण नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या एसीचा गॅस भरायला मेकॅनिक आला होता, सिलिंडर खाली ठेवत म्हणाला, "काका, तुमचा आर बावीस आहे, हा आता नव्या मशीनला येतच नाही, बत्तीस येतो, हा संपला की मशीनच बदला." त्याला मॉन्ट्रियल माहीत असायचं कारण नाही, पण तो बोलत होता ती 1987 च्या मॉन्ट्रियल कराराचीच भाषा. ओझोन खाणारे वायू कुठल्या वर्षी किती टक्के कमी करायचे त्याचं तिथे कोष्टक आहे, गरीब देशांना बदलासाठी निधी आहे, आणि कराराबाहेर राहणाऱ्याशी त्या मालाचा व्यापार बंद. आणि खरी मजा पुढे आहे. त्याच करारात 2016 ला किगालीमध्ये बत्तीस ज्या कुळातला आहे त्या एचएफसी वायूंसाठी (ओझोन खात नाहीत, पण पृथ्वी तापवतात) शब्द घातला 'फेज डाऊन'च! तोच आपला बदनाम शब्द. पण तिथे भारतासाठी 2028 ला वाढ थांबवायची, 2032 ला 10 टक्के कपात, असं करत 2047 ला 85 टक्के, असं लिहिलेलं आहे. ग्लासगोच्या 'डाऊन'पुढे ना साल ना टक्का. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आऊट की डाऊन यावर भांडण्यापेक्षा पुढे आकडा आहे का ते बघा. आकडा असेल तर 'घटवत नेणे'सुद्धा कडक, नसेल तर 'संपवत आणणे'सुद्धा पातळ.

आणि शब्दाशिवायही वस्तू जातात. आठ आण्याचं नाणं घ्या, पावली 2011 मध्ये चलनातून रीतसर बाद झाली पण आठाणे आजही कायद्याने चालतात, आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला देऊन बघा, तो तुमच्याकडेच बघेल. उलट प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे आणि परवाच भाजीवालीने मेथीची जुडी त्याच पातळ पिशवीत घालून दिली, "दादा, घ्या गुपचूप" म्हणत. ब्रिटनने शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद केलं ते ग्लासगोच्या शब्दामुळे नाही, घरचा कायदा, कार्बनवरचा कर, स्वस्त झालेला गॅस आणि वारा, यामुळे.

तरी परिषदा नसत्या तर तेवढंच झालं असतं असं मी म्हणणार नाही. पॅरिसच्या वेळी शतकाअखेरची तापमानवाढ 3 ते 3.5 अंश धरली जायची, संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालात चालू धोरणांवर ती 2.8 आलीय. सगळं श्रेय परिषदांचं नाही, स्वस्त सोलरचंही आहे, पण दर पाच वर्षांनी आकडा घेऊन या ही सवय पॅरिसने लावली. दुसरीकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड 2015 ला दशलक्षात 400 च्या आसपास होता तो 2024 ला 420 च्या वर गेलाय. त्याला आऊट-डाऊन काही कळत नाही.

एक शब्द मात्र मलाही सुटलेला नाही, 'अनअबेटेड'. डिक्शनरीत पाहिलं तर 'जोर न ओसरलेला' असा वादळाला लावायचा अर्थ मिळतो, आणि इथे म्हणायचंय कार्बन न पकडता जाळलेला कोळसा. वरची सगळी पळवाट त्याच शब्दात आहे, म्हणून तो गाळून चालत नाही. सध्या मी 'धुरासकट कोळसा' लिहितो. कार्बन डायऑक्साइड म्हणजे धूर नव्हे हे मान्य, पण याहून बरं कुणाला सुचत असेल तर सांगा, आनंदाने बदलेन.