‘गॅरिसन थिएटर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ‘अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये गॅरिसन थिएटर स्थापन केले’ या वाक्यात ‘लष्करी रंगभूमी’ चालेल का?

चालवू नये. ‘गॅरिसन थिएटर’ म्हणजे तळ ठोकून असलेल्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी स्वतः चालवलेली रंगभूमी. ‘लष्करी रंगभूमी’ म्हटले की युद्धावरची नाटके वाटतात. हे अधिकारी करत ती बहुतेक लंडनमध्ये गाजलेली प्रहसने आणि विनोदी नाटके. २५ जानेवारी १७७७ रोजी त्यांनी सुरुवातच ‘टॉम थम्ब’ या प्रहसनाने केली. विशेषण नाटकांना नको, नाटकवाल्यांना हवे.

‘गॅरिसन’ला जुना शब्द आहे ‘शिबंदी’. पण त्यात किल्ला किंवा ठाणे राखायला ठेवलेली माणसे येतात. इथे ‘छावणी’ जास्त शोभतो. मराठी फौजा मोहीम थांबवून पावसाळ्यात एका जागी राहत, ती छावणी. अमेरिकेत पावसाळ्याच्या जागी हिवाळा : लढाई थंडावली की नाटकांचा हंगाम सुरू. फिलाडेल्फियात १७७८ च्या जानेवारीपासून मेपर्यंत खेळ झाले. तिथे कॅप्टन जॉन आंद्रे पडदे रंगवत असे. जूनमध्ये फौजेने शहर सोडले आणि खेळही संपले. तेव्हा ‘छावणीतील हौशी रंगभूमी’ असे लिहावे. ‘हौशी’ गाळू नये. नुसत्या ‘छावणी’ने आजच्या वाचकाला आधी गुरांची चारा छावणी आठवेल! शिवाय हे अधिकारी पोटासाठी नाटक करत नव्हते. उत्पन्न सैनिकांच्या विधवा व अनाथ मुलांसाठी असल्याचे जाहीर केले जाई.

वाक्यातली मोठी चूक मात्र ‘स्थापन केले’ ही आहे. न्यूयॉर्कचे जॉन स्ट्रीटवरचे नाट्यगृह १७६७ मध्येच डेव्हिड डग्लसच्या व्यावसायिक मंडळीने उभारले होते. १७७४ मध्ये अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, नाटकांसारख्या खर्चिक करमणुकीला विरोध केला, तेव्हा ती मंडळी जमैकाला गेली. अधिकाऱ्यांनी रिकामे नाट्यगृह ताब्यात घेऊन त्याला ‘थिएटर रॉयल’ नाव दिले. म्हणून ‘सुरू केली’ किंवा ‘चालवली’ हेच क्रियापद हवे. ‘स्थापना’ शोभते ती दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या गॅरिसन थिएटरला : तिथे ब्रिटिश गव्हर्नर सर जॉर्ज यंग यांच्या पुढाकाराने नवे नाट्यगृह बांधले गेले आणि १८०१ मध्ये उघडले.

मुंबईच्या ‘ग्रीन’ या मोकळ्या मैदानावरील १७७६ च्या नाट्यगृहाला मात्र ‘छावणी’ लावू नये. ते वर्गणीतून उभे राहिले होते. तिथे ‘हौशी’ एवढे पुरे. कर्ज फेडण्यासाठी ते १८३५ मध्ये विकावे लागले.