मैत्रिणीने कथेवर केलेल्या लाल खुणा

आपले लेखन वाचून मित्राने दिलेले मत मनाला लागले, तर मैत्री सांभाळावी की लेखन दाखवणे बंद करावे, असे लिहिणारी माणसे मला वारंवार विचारतात. त्यांतलाच एक अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून आणि संबंधित बाईंच्या संमतीने, येथे मांडत आहे.

या बाई पन्नाशीच्या, कथा लिहिणाऱ्या. त्यांची महाविद्यालयापासूनची मैत्रीण दुसऱ्या शहरात राहते, तीही लिहिते, आणि अनेक वर्षे दोघी पत्रासोबत आपापले कच्चे खर्डे एकमेकींना पाठवत आल्या आहेत. आईच्या अखेरच्या आजारावरची कथा बाईंनी अशीच पाठवली. ती परत आली तेव्हा समासात जागोजागी लाल खुणा होत्या. आई पाणी मागते त्या प्रसंगाशेजारी नीटस अक्षरात लिहिले होते, ‘येथे काळ बदलला आहे.’ सोबत पत्र नव्हते. “माझी आई गेली आणि हिला क्रियापदे दिसली,” एवढे बोलून त्या रडू लागल्या. तेव्हापासून त्यांनी मैत्रिणीला एक ओळही लिहिली नव्हती.

कथा वाचून आपले सांत्वन करावे आणि ती छापण्याजोगी झाली आहे का तेही सांगावे, अशी दोन्ही कामे त्यांनी न बोलता मैत्रिणीवर सोपवली होती. मैत्रिणीने त्यांतले एकच केले होते. आता अबोला धरल्यामुळे आपले काय चुकले हे तिला कळायला वावच उरला नव्हता.

बोलताना त्या कथाकार जी. ए. कुलकर्णी आणि लेखिका सुनीता देशपांडे यांच्या मैत्रीचा दाखला पुन्हा पुन्हा देत होत्या. धारवाडला एकांतात राहणाऱ्या जी. एं.ची ही मैत्री मुख्यतः पत्रांतून बहरली, हे खरेच आहे. मात्र जी. एं.ची जी पत्रे आपण पुस्तकांत वाचतो ती निवडलेली आहेत. उत्तराची वाट पाहण्यात गेलेले दिवस आणि लिहून न पाठवलेले कागद वाचकाला दिसत नाहीत. त्या पुस्तकांशी आपल्या मैत्रीची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते, आणि तसे मी त्यांना सांगितले.

काय लागले आणि काय हवे होते, एवढेच लिहावे, दोष देऊ नये, असे आमचे ठरले. पत्र गेले. उत्तरात मैत्रिणीने लिहिले की त्या माउलीच्या हातचे ती अनेकदा जेवली होती, कथेतल्या मरणाविषयी तिला काही लिहवेना, म्हणून ती भाषेलाच धरून राहिली.

हीच मैत्रीण खर्डा न विचारता इतरांना दाखवत असती किंवा त्याची टिंगल करत असती, तर मी लेखन पाठवणे थांबवायला सांगितले असते. येथे तसे नव्हते. आता दोघी खर्ड्याच्या पहिल्या पानावर ‘फक्त वाच’ किंवा ‘दुरुस्त्या सुचव’ असे लिहितात आणि खुशालीचे पत्र वेगळे पाठवतात. आईवरची कथा मात्र बाईंनी पुन्हा पाठवलेली नाही, आणि त्याची घाई करावी असे मलाही वाटत नाही.