सेकंड लाइफमधील सामायिक घर : सुरुवातीला एवढेच पाहा

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात मित्रांसोबत घर उभारण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. मात्र जमीन घेण्याआधी ग्रुप तयार करा आणि त्यात किमान दोन सदस्य राहतील याची काळजी घ्या, कारण एकट्या सदस्याचा नवा ग्रुप ४८ तासांनंतर आपोआप विसर्जित होतो. उत्साहाच्या भरात सर्वांना ‘ओनर’ (ग्रुपचे सर्व अधिकार असलेला सदस्य) करू नका. एक ओनर दुसऱ्या ओनरला काढून टाकू शकत नाही, आणि माझ्या मते नवख्यांची बहुतेक भांडणे येथूनच सुरू होतात; इतरांना वस्तू मांडण्यापुरते अधिकार देणारी वेगळी भूमिका पुरेशी असते.

मेनलँडवरील (या जगातील सामायिक मुख्य भूभागावरील) १०२४ चौरस मीटरच्या साध्या भूखंडावर लँड इम्पॅक्टची (वस्तू जमिनीची किती क्षमता वापरतात, त्या मापाची) मर्यादा साधारण ३५१ असते. दिवाणखान्याच्या देखण्या सामानातच ती संपवून स्वयंपाकघर रिकामे ठेवणारे पुष्कळ भेटतात (बाग तर कोणाच्या लक्षातच नसते), म्हणून विकत घेण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा लँड इम्पॅक्टचा आकडा वाचावा.

ऑटो रिटर्न (ग्रुपबाहेरच्या वस्तू ठरावीक वेळाने मालकाकडे परत पाठवणारी सोय) सुरू असेल, तर वस्तू मांडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या ग्रुपचा टॅग लावावा (म्हणजे तो ग्रुप सक्रिय करावा), अन्यथा ती वस्तू काही वेळाने तिच्या मालकाच्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये जाते. जमीन ग्रुपच्या नावे ‘डीड’ करण्याची, म्हणजे तिची मालकीच ग्रुपला देण्याची, घाई नको. तूर्त ती ग्रुपला ‘सेट’ करणे, म्हणजे मालकी स्वतःकडे ठेवून ग्रुपशी जोडणे, पुरे. स्क्रिप्ट (वस्तूंना चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि भूरचना यांचे नंतर पाहू.