पहिली कादंबरी आणि घरचा ग्रुप

प्रश्न : मी पुण्यातल्या पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहितेय, पहिलीच. आमचा वाडा नारायण पेठेत होता, पुरात गेला, मग आजी-आजोबा सहकारनगरला आले. प्रकरण लिहून झालं की मी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. आधी सगळे खूश होते, आता मात्र पाणी नेमकं किती वाजता आलं यावरून आत्या आणि काकांचं वाजलंय, एक काकू म्हणते त्यातली भांडकुदळ बाई मीच आहे, बदल. आणि माझं पुढचं प्रकरण हलतच नाहीये. शेअर करणं थांबवू का? सोबत एक पान पाठवतेय.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : हो, थांबवा, आजपासूनच. तुमचं पान मी परत परत वाचलं. पाणी ओसरल्यावर आजी देव्हाऱ्यातला गाळ आमटीच्या वाटीने काढते आणि मग ती वाटी पुन्हा कधी पानात घेत नाही, अहो हीच तर तुमची कादंबरी! यावर ग्रुपवर कुणी काही बोललं का? बहुतेक नसेल, कारण घरची माणसं 'असं झालं होतं का' एवढंच तपासत वाचतात, त्यात त्यांची काही चूक नाही, पण त्या तपासणीला उत्तरं देत बसलात की तुम्ही आजीला सोडून काकूला सांभाळत लिहायला लागता आणि प्रकरण अडतं ते इथे. शिवाय अर्धवट गोष्टीला रोज शाबासकी मिळाली की लिहायची खुमखुमीच कमी होते, हे मी बऱ्याच नव्या लेखकांच्या बाबतीत पाहिलंय.

घरच्यांना तोडू नका मात्र. त्यांच्याकडून आठवणी घ्या, त्यांना प्रकरणं देऊ नका. एकेकाला वेगळं गाठा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि बारीक प्रश्न विचारा, म्हणजे त्या रात्री कुठे झोपलात, काय खाल्लंत, प्यायचं पाणी कुठून आणलंत (पानशेत धरणापाठोपाठ शहराला पाणी पुरवणारं खडकवासला धरणही फुटलं होतं, त्यामुळे शहरभर पूर येऊन गेला आणि नळाला पाणी नाही अशी गत झाली, यावरच एक आख्खं प्रकरण होईल). आणि वेळेचं भांडण मिटवूच नका! १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, पण पाणी सगळ्या पेठांत एकदम थोडंच शिरलं, नदीलगतच्या घरांत आधी, वरच्या आळीत नंतर, म्हणजे आत्याही खरी आणि काकाही खरे असू शकतात. दोन पात्रांना दोन वेळा देऊन टाका.

पहिला खर्डा शेवटपर्यंत लिहा, वाईट झाला तरी चालेल. मग प्रिंट काढून फक्त दोघांना द्या, एक जुना पेठेतला माणूस आणि एक असा की ज्याला लकडी पूल कुठेय हेही माहीत नाही. 'कसं वाटलं' विचारलंत तर 'छान' एवढंच ऐकायला मिळेल, त्याऐवजी वाचताना कुठे हातातून खाली ठेवलंत ते विचारा. काकूचं काय करायचं ते त्यानंतर, तोवर ते पात्रही बरंच बदललेलं असेल.

प्रश्न : माझ्या कादंबरीची कल्पना मित्रांना सांगितली तर कुणी ढापेल का? आधी कॉपीराइट रजिस्टर करावा का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, तो असतो तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर, आणि लिहिलंत की आपोआप मिळतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, वाद झालाच तर पुरावा म्हणून उपयोगी पडतं. खरी काळजी प्रकाशकाशी करार करताना घ्या, कुठले हक्क किती वर्षांसाठी देताय ते सही करायच्या आधी नीट वाचा, आणि छपाईचे पैसे तुमच्याकडेच मागत असतील तर किती प्रती छापणार आणि त्या विकणार कोण, हे कागदावर लिहून घ्या.