टॉमचे फटके आणि सोफियाचा आरसा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. अठरा पूर्ण झाली तरी मोठं झाल्यासारखं वाटत नाही, असं लिहिलं आहेस. बरं झालं नेमकी आत्ताच तुला ‘टॉम जोन्स’ ही कादंबरी अभ्यासाला लागली.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठं होण्याच्या पायऱ्या उघड दिसत. लहानपणी मुलगेही झग्यातच वावरत. पहिली विजार चढली की घरात कौतुक. पुढे कारागिराच्या मुलाला सात वर्षांची उमेदवारी, श्रीमंताच्या मुलाला शिक्षकासोबत फ्रान्स-इटलीचा प्रवास. १७५३च्या कायद्याने तर एकविशीच्या आतल्यांना वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करणंच अवघड करून ठेवलं.

हेन्री फील्डिंगची ही कादंबरी त्याआधीची, १७४९ची. तिचा नायक टॉम म्हणजे ऑलवर्दी या श्रीमंत जमीनदाराच्या बिछान्यात सापडलेलं बेवारस पोर. एकदा तितरांच्या मागे तो शेजाऱ्याच्या रानात घुसतो. सोबत राखणदार जॉर्ज असतो, पण तो झुडपात लपतो आणि टॉम एकटाच सापडतो. थ्वॅकम मास्तर त्याला फोडून काढतात. टॉम जॉर्जचं नाव घेत नाही, कारण त्याची नोकरी गेली तर बायकापोरं उपाशी मरतील. मला हा प्रसंग अजून गलबलून टाकतो.

पण नीट बघ. दुसऱ्यासाठी मार खाणं टॉमला पोरवयातच जमलं होतं. स्वतःच्या चुकीचं ओझं उचलायला मात्र लंडनचा तुरुंग यावा लागला. तिथे तो आधी नशिबाला बोल लावतो, मग मध्येच थांबतो आणि म्हणतो, या सगळ्याला कारण मीच. शेवटच्या, अठराव्या भागात हे वाक्य आहे. पेन्सिलीने खूण करून ठेव. तू पत्रात कॉलेजला, घरच्यांना, मित्रांना दोष दिला आहेस. त्यातलं काही खरंही असेल, पण तुझा वाटा किती, ते एकदा लिहून काढ.

सुटल्यावर टॉम आपल्या प्रेयसीची, सोफियाची माफी मागतो. तिचं रूपच आपल्या एकनिष्ठेचं तारण, असं म्हणत तिला आरशासमोर उभं करतो. ती बोलण्याला भुलत नाही. खात्री फक्त काळच देईल म्हणते, वर्षभर थांबायला सांगते. तेवढ्यात तिचे वडील आत घुसतात आणि दुसऱ्याच दिवशी लग्न लागतं!

फील्डिंगचा मी भक्त, तरी ही घाई मला कायम खटकत आली. तिने मागितलेलं वर्ष तिला मिळायला हवं होतं. तुझं मत वाचून झाल्यावर कळव.

तुझे सर