तळेगावची ह्युंदाई, मेकॅनिकल डिप्लोमा आणि एजंटचे पैसे

ताई, पत्र वाचलं. मुलगा बार्शीला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, त्याला तळेगावच्या ह्युंदाईतच लागायचंय, मामा म्हणतात आता सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक होणार मग मेकॅनिकल काय कामाचं, आणि वर एक एजंट 'लावून देतो' म्हणून पन्नास हजार मागतोय. आधी एजंटचं सांगतो, एक रुपया देऊ नका. असले लोक फार तर कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरकडे सहा-सात महिने चिकटवतात आणि नंतर फोन उचलत नाहीत.

कंपनीबद्दल पोराचा अंदाज बरोबर आहे. १९९८ला चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सँट्रोपासून सुरुवात केली, आज क्रेटा, आय२०, एक्स्टर, शिवाय क्रेटा इलेक्ट्रिक पण आहे. चेन्नईची क्षमता वर्षाला सव्वाआठ लाखांच्या आसपास, तळेगावची १ लाख ७० हजार, ती २०२८पर्यंत अडीच लाख करायचीय. नोव्हेंबर २०२५ला आलेली नवी व्हेन्यू तळेगावचीच. २०३० आर्थिक वर्षापर्यंत भारतात ४५ हजार कोटी गुंतवणार असं कंपनीने जाहीर केलंय.

पण हाच प्लांट आधी जनरल मोटर्सचा होता हे त्याला नक्की सांगा. २००८ला सुरू झाला, शेवरोलेची बीट तिथेच बनायची, २०१७ला जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि २०२०च्या डिसेंबरला प्रॉडक्शनच बंद, कामगार कोर्टात गेले. ज्यांच्या हातात चांगलं काम होतं त्यांना चाकण, रांजणगावात जागा शोधता येते, म्हणून मी पोरांना कंपनीआधी शॉप, म्हणजे कारखान्यातला विभाग, निवडायला सांगतो.

आता मामांचं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन जातं, गिअरबॉक्स जवळजवळ जातो, पण पत्रा दाबायला प्रेस शॉप लागतंच, जोडायला बॉडी शॉप, मग पेंट, मग असेंब्ली. बॉडी शॉपमधे स्पॉट वेल्डिंग रोबोट करतात, त्यांची तांब्याची टिप घासून पसरट होते, ती वेळेवर ड्रेस केली, म्हणजे तासून परत आकारात आणली नाही की वेल्ड कच्चा राहतो, आणि रोबोट अडकला की कंट्रोल पॅनलवर फॉल्ट वाचून कुठला सेन्सर, कुठली वायर हे शोधणारा मेंटेनन्सवाला लागतो, लाइन थांबलेली असते आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात. हे काम पेट्रोल गाडीलाही आहे, इलेक्ट्रिकलाही आहे.

म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) किंवा न्यूमॅटिक्सवर (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा) घ्यायला सांगा, विकतचा रेडिमेड प्रोजेक्ट नको, स्वतः वायरिंग करू दे. पास झाला की नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, डिप्लोमावाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंड पण असतो. ह्युंदाईला अर्ज करू दे, सोबत चाकणच्या कंपन्या आणि त्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही, तिथे एकाच माणसाला चार मशीनं शिकायला मिळतात. इंटरव्ह्यूला गेला की न लाजता विचारायचं, मला लाइनवर टाकणार की मेंटेनन्सला, आणि पगार कंपनीच्या नावावर की कॉन्ट्रॅक्टरच्या. ऑफर आली की सही करण्याआधी मला पाठवा, मी वाचून सांगतो.