शूटवर कुत्रा गप्पच बसत नाही! वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, माझी लॅब्राडोर साडेतीन वर्षांची आहे. घरी एकदम शहाणी, मैदानावर डमी (सरावाची फेकायची खोटी शिकार) आणायला एक नंबर, पण शूटवर, म्हणजे पाखरांच्या शिकारीला, नेली की तिचं रूपच पालटतं. पेगपाशी (बंदूकवाल्यानं उभं राहायची ठरलेली जागा) बसवली की थरथरायला लागते, हाकारा (पाखरं उठवत बंदुकांकडे हाकलणं) सुरू झाला की कुईकुई, आणि पहिलं पाखरू पडलं की सरळ केकाटते. मी दरडावतो, पट्ट्याला हिसका देतो, तर अजूनच वाढतं. पहिल्या सीझनला अशी अजिबात नव्हती. एक जण म्हणाला भरपूर काम दे, दमली की आपोआप गप्प होईल, म्हणून प्रत्येक ड्राइव्हला (हाकाऱ्याच्या फेरीला) जास्तीत जास्त पाखरं तिलाच आणायला लावली, पण फरक शून्य. आजूबाजूचे लोक वळून बघतात, फार लाज वाटते हो. काय करू?

उत्तर : दादा, लाज सोडा आधी, हा त्रास खूप जणांना आहे आणि चांगल्या, कामाची आवड असलेल्या कुत्र्यांनाच जास्त होतो. तुमची कुत्री हट्टीपणा करत नाहीये, तिच्या आत जी खळबळ चाललीये ती तोंडावाटे बाहेर पडतेय. उतू जायला लागलेल्या दुधावर झाकण दाबून उपयोग नसतो, गॅस बारीक करावा लागतो, आणि तुम्ही (आणि खरं सांगायचं तर बहुतेक जण) झाकण दाबत बसलाय.

पहिल्या सीझनला ती गप्प का होती? कारण तिला पुढे काय होणार हे माहीतच नव्हतं. आता माहीत झालंय. हाकाऱ्याचा आवाज, मग पंखांची फडफड, मग बार, मग धप्पकन पडणं, आणि मग तुमचा हुकूम, जा घेऊन ये. ही साखळी तिच्या डोक्यात इतकी पक्की बसलीये की पहिली कडी ऐकली तरी शेवटच्या कडीची उत्सुकता चढते. त्यात ती कुईकुई करत असताना तुम्ही तिला सोडलंत ना, की तिचा हिशोब झाला, ओरडलं की पाखरू मिळतं. प्रत्येक वेळी नाही मिळालं तरी चालतं, उलट कधी मिळतं कधी नाही अशी सवय जास्त चिवट असते, सुटता सुटत नाही. म्हणून ते 'दमव म्हणजे गप्प होईल' डोक्यातून काढून टाका. अंगानं ती दमेल, दोन आठवड्यांत अजून फिट होईल, आणि जितकी पाखरं जास्त आणेल तितकी साखळी अजून घट्ट.

दरडावण्याचंही तेच. ती चढलेली असताना तुमचा चढलेला आवाज तिला शिक्षा वाटत नाही, तुम्हीपण सामील झालात असंच वाटतं. पट्टा ताणून धरला की पुढे झेपावायची ऊर्मी वाढते, तो सैलच पाहिजे. आणि कुणी शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) सुचवली तर कृपा करून हात जोडून नाही म्हणा, वेल्समध्ये तर 2010 पासून कुत्र्यावर ती वापरायला कायद्यानंच बंदी आहे. बार आणि वेदना एकाच क्षणी आल्या तर कुत्री बाराला घाबरायला लागू शकते, मग एका त्रासाचे दोन होतात.

आता मुद्द्याचं, आवाज यायच्या आधी तिच्याकडे नीट बघायला शिका, आभाळाकडे नाही, पाखरांकडे नाही, फक्त तिच्याकडे. उघडं तोंड पटकन मिटतं, श्वास धरल्यासारखा होतो, कान पुढे येतात, सगळं वजन पुढच्या पंजांवर जातं आणि ढुंगण जमिनीपासून जेमतेम बोटभर उचललं जातं, मागच्या मांडीत बारीक थरथर दिसते. मग नाकातून एक अगदी बारीक, जवळपास ऐकू न येणारा सूर निघतो. आपण केकाटण्यालाच आवाज धरतो, पण खरी सुरुवात या मिटलेल्या तोंडापासून असते आणि तुम्हाला काही करायचं असेल तर ते तिथेच करायचंय. त्यानंतर ती तुमचं काही ऐकण्याच्या स्थितीत नसते, तिच्या आवडीचा खाऊ नाकाला लावला तरी तोंडात घेणार नाही.

तर सीझन संपेपर्यंत तिला पेगवर नेणं बंद. वाईट वाटेल, पण दर शूटला तोच सराव होतोय आणि मधल्या दिवसांची मेहनत पाण्यात जातेय. मैदानावर परत पहिल्यापासून सुरू करा. तिला बसवायचं, डमी टाकायची, आणि स्वतः चालत जाऊन उचलून आणायची. दहातल्या सात-आठ तुम्ही आणायच्या, तिला दोन-तीनच, त्यासुद्धा ती सैल बसलेली असताना, तोंड उघडं, श्वास चालू. आणि डमी पडल्या पडल्या कधीच सोडू नका. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं जाऊ द्या, मधे तिला पायाशी घेऊन उलट्या दिशेनं चक्कर मारून या आणि मग पाठवा. तिला हे कळायला हवं की पडलेली प्रत्येक वस्तू आपली नसते, आणि आपली असलीच तर घाई नसते. शांत बसल्याबद्दल खाऊ द्यायचा तो हळूच, पंजांपाशी जमिनीवर ठेवायचा, उडवून झेलायला लावायचा नाही, नाहीतर परत तेच चढणं सुरू.

हे जमलं की दुसरा कुत्रा आणा, तो आणेल, ही बघेल. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि लोक हीच गाळतात. एकट्या कुत्र्याला शांत बसवणं तुलनेनं सोपं, समोरून दुसरा आपल्या वाटणीचं घेऊन चाललाय हे बघत बसणं अवघड. दोघांत भरपूर अंतर ठेवून सुरू करा आणि हळूहळू कमी करा. त्यानंतर बार, तोही कुणीतरी लांबून, शंभरएक मीटरवरून काढायचा, आणि बारानंतर काहीच पडायचं नाही, काहीच आणायचं नाही. बार झाला की तुमच्याकडे बघायचं, बस्स. बार म्हणजे पाखरू हे समीकरण मोडायचं तर असे कोरडे बार पुष्कळ व्हावे लागतात.

या सगळ्यात कुठेही आवाज आला तर रागवायचं नाही, बोलायचंही नाही, शांतपणे वळायचं आणि तिला घेऊन लांब चालत जायचं. गवतात थोडा खाऊ विखरून टाका, नाक खाली गेलं, हुंगत वेचायला लागली, अंग झटकलं, की समजा उतरतेय. मग परत या, पण आधीच्यापेक्षा लांब बसा. दोनदा-तीनदा असंच झालं तर त्या दिवशी थांबा, कारण एकदा चढलेली कुत्री लगेच पूर्ण उतरत नाही, आतली हार्मोन्स खाली यायला वेळ घेतात. लागोपाठ दोन दिवस शूट असलेल्यांचे कुत्रे दुसऱ्या दिवशी जास्त बोंबलतात त्यात हेही एक कारण असतं.

पुढच्या सीझनला शूटवर न्याल तेव्हा पहिले काही दिवस कामाला नेऊच नका. दोन-तीनशे मीटर मागे, जिथून बार ऐकू येतील पण पाखरं पडताना दिसणार नाहीत अशा जागी बसा, एक ड्राइव्ह शांत गेली की लगेच घरी, भले सगळे म्हणोत की एवढ्यासाठी आलात का. मग हळूहळू बंदुकांच्या रांगेच्या मागे पिकिंग-अपला (पडलेली पाखरं शोधून गोळा करायला), आणि पाठवायचं ते ड्राइव्ह पूर्ण संपल्यावर, तिनं न पाहिलेल्या पाखरासाठी, म्हणजे ती डोळ्यांनी झडप घालण्याऐवजी नाकानं काम करेल. पुढे जाऊन पेगवर बसू शकेल का? काही कुत्रे बसतात, पण एकदा मुरलेली सवय काहींची पूर्ण जात नाही. नाही गेली तर मागे राहून जखमी पाखरं शोधणारी कुत्री कमी दर्जाची ठरत नाही, ते काम तर माझ्या मते सगळ्यात मोलाचं, कारण घायाळ सावज तडफडत राहू नये ही आपलीच जबाबदारी असते.

प्रश्न : माझा स्प्रिंगर स्पॅनियल हाकाऱ्याच्या रांगेत काम करतो. सुरुवातीला मस्त असतो पण ड्राइव्ह संपत आली की किंचाळत सुटतो, शिट्टी ऐकत नाही, पाखरांमागे धावतो. वय दोन वर्षं.

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे, 'ड्राइव्ह संपत आली की'. हाकाऱ्यानं ढकलत आणलेली पाखरं शेवटच्या झाडीत एकवटलेली असतात, तिथे दर पावलाला वास, दर पावलाला फडफड, एकामागून एक उठणारी पाखरं आणि डोक्यावर बार. दोन वर्षांच्या स्पॅनियलला हे झेपत नाही, बऱ्याचदा पाच वर्षांच्यालाही झेपत नाही. म्हणून शेवटचा टप्पा यायच्या आधीच त्याला दोरी लावा आणि रांगेतून मागे या, रांग चालवणाऱ्याला सकाळीच सांगून ठेवा म्हणजे तिथे भोक पडणार नाही. तो बरा वागत असतानाच काढायचा हं, किंचाळल्यावर काढलात तर उशीर झाला.

आणि सीझन संपला की एकच गोष्ट घोटून घ्या, पाखरू उठलं की बसायचं. आधी टेनिस बॉल घरंगळवून, मग अचानक उडवलेल्या डमीवर, मग लांबच्या कबुतरांवर. बसला की शाबासकी तुमच्यापाशी, तुमच्या हातून, उठलेल्या गोष्टीमागे पाठवून कधीच नाही. कामाच्या वेळी तुमच्यापासून दहा-पंधरा पावलांच्या आतच ठेवा, स्पॅनियल लांब गेला की तो स्वतःसाठी शिकार करायला लागतो आणि किंचाळणं तिथूनच येतं.

प्रश्न : आमचा गोल्डन रिट्रीव्हर बार झाला की ओरडतो पण तो खूश आहे की घाबरलाय तेच कळत नाही. व्हेटकडे जावं का? शांत करणाऱ्या गोळ्या मिळतात म्हणे. नसबंदी केली तर फरक पडेल का?

उत्तर : व्हेटकडे जा, आणि कामावर परत न्यायच्या आधी जा. उत्सुक कुत्रा पुढे झुकतो, नजर आभाळात किंवा पाखरावर, शेपटी वर किंवा हलती. घाबरलेला मागे सरकतो, शेपटी पोटाखाली, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी ओठांवरून फिरते, लाळ गळते, गाडीकडे ओढतो. दोन्ही मिसळलेलंही असतं. भीती असेल तर वर लिहिलेला सराव तसाच्या तसा करू नका, बार पूर्ण बंद करा आणि वागणुकीची जाण असलेल्या व्हेटच्या सल्ल्यानंच पुढे जा. शॉटगनचा आवाज जवळून 140 डेसिबलच्या वर जातो, आपण कानाला मफ लावतो आणि तो आपल्या नळीशेजारी उघड्या कानांनी बसलेला असतो, हे विसरू नका. कान दुखत असेल, कानात इन्फेक्शन असेल, कंबर किंवा कोपर दुखत असेल तर त्याचाही आवाज होऊ शकतो, ते तपासून घ्या. ओला होऊन थंडीत तासभर बसलेला कुत्रासुद्धा थरथरतो आणि कुईकुई करतो, त्याला ट्रेनिंगची नाही, टॉवेल आणि कोटाची गरज असते.

गोळ्या स्वतःच्या मनानं नको, माणसांच्या तर अजिबातच नको. गुंगी आलेला कुत्रा कुंपण आणि ओढे ओलांडायला गेला तर जिवावर बेतेल. नसबंदीचा निर्णय दुसऱ्या कारणांसाठी घ्यायचा तो घ्या, पण तेवढ्यानं शूटवरचं ओरडणं थांबेल अशी आशा ठेवू नका, आणि भित्रा नर असेल तर व्हेटशी आधी नीट बोला.

प्रश्न : पाच महिन्यांचं पिल्लू आहे, पुढे फील्ड ट्रायलला (शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेला) उतरवायचं मनात आहे. पहिल्यापासून काय काळजी घेऊ?

उत्तर : ब्रिटनमधल्या केनेल क्लबच्या नियमांत रिट्रीव्हर (पडलेली शिकार आणणाऱ्या जातींचे कुत्रे) ट्रायलला कुईकुई किंवा भुंकणं हा सरळ बाद करणारा दोष आहे, त्यामुळे आत्ताच विचारलंत हे फार बरं केलंत. कुईकुईचा कल रक्तातूनही येतो असा जाणत्या ब्रीडर मंडळींचा अनुभव आहे आणि ती असे कुत्रे पैदाशीला वापरत नाहीत, म्हणून आईबाप कामावर असताना प्रत्यक्ष बघता आले तर बघा. पिल्लाला रोज बॉल फेकू नका. त्याऐवजी तुम्ही कुणाशी बोलत उभे आहात आणि ते पायाशी कंटाळून आडवं झालंय, असं दिवसातून एकदा तरी होऊ द्या. दुसरे कुत्रे पळतायत आणि हे नुसतं बघत बसलंय, यालाही कामच समजा. जेवणाचं भांडं खाली ठेवताना कुईकुई केलं तर भांडं परत वर, गप्प झालं की खाली, घरातला प्रत्येक माणूस हेच करेल एवढं बघा. शूटवर दीड वर्षाच्या आत नेऊ नका, मित्र कितीही म्हणाले तरी, आणि नेलंत की पहिल्या दिवशी बंदूक घरी ठेवा, कारण पाखरांकडे आणि पिल्लाकडे एकाच वेळी लक्ष ठेवणं कुणालाच जमत नाही.